दोन विद्यापीठं हातात, मेजर मात्र ठरत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की साताऱ्यातल्या आमच्या घराची बेल वाजायला लागते. तीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, पण जून-जुलैत ती निवृत्ती कुणी मानत नाही. दारात मुलगा किंवा मुलगी, मागे आई नाहीतर बाबा, आणि बाबांच्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये झेरॉक्सचे तीन-तीन संच. "मॅडम, दोन्हीकडे नंबर लागलाय. पण विषय कुठला घ्यायचा तेच ठरत नाही. मग जायचं कुठे?" दरवर्षी तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहून काढलं. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही मुलांचे. त्यामुळे उत्तरांत कुठे 'तुम्ही' आहे, कुठे 'तू'.

आधी विषय ठरवायचा की विद्यापीठ?

विषय ठरत नसेल तर ओढूनताणून ठरवू नका. मानसशास्त्र, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र या विषयांचं बारावीपर्यंत बहुतेक पोरांनी तोंडही पाहिलेलं नसतं. न चाखलेल्या पदार्थांतून एक आयुष्यभरासाठी निवड म्हणायचं, हे जरा अजबच.

पण मग दोन विद्यापीठांची तुलना कशावर करायची? मी एकच गोष्ट आधी बघते. इथे विषय पक्का करायची वेळ कधी येते, आणि पक्का केलेला चुकला तर बदलायला काय मोजावं लागतं? ज्याचं ठरलंय त्यानं विभाग बघावा, प्राध्यापक बघावेत, प्रयोगशाळा बघाव्यात. ज्याचं ठरलेलं नाही त्यानं तारीख बघावी. इमारत, नाव, मैत्रीण कुठे चाललीय, हे सगळं त्याच्या खाली.

आमच्या वेळी असला गोंधळ नव्हता. आत्ताच कसा झाला?

होता की! फक्त तो तीन वर्षांत वाटून दिलेला होता. पुणे विद्यापीठात एफवायबीएस्सीला चार विषय, एसवायला तीन, टीवायला एक. बीएलाही स्पेशल विषय पुढच्या वर्षांत ठरायचा. लग्नकार्यात भेटलेले काका "स्पेशल कुठला घेतलास?" असं विचारायचे ते उगाच नाही. आधीचा एखादा विषय गळाला तरी कुणाला त्याचं सोयरसुतक नसे.

मी स्वतः वनस्पतिशास्त्र स्पेशल घ्यायचं म्हणून गेले होते. प्रॅक्टिकलला एका संध्याकाळी परीक्षानळीच्या कडेनं सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडलं आणि दोन द्रवांच्या मधोमध तपकिरी कडं उमटलं. नायट्रेटची चाचणी, पुस्तकात दहादा वाचलेली. पण ते कडं स्वतःच्या हातानं आणलं तेव्हा वनस्पतिशास्त्र गेलं ते गेलंच. या उशिरा सुचलेल्या शहाणपणाची मला काही किंमत मोजावी लागली नाही. तुमच्या मुलीला किती मोजावी लागेल, ते मात्र विद्यापीठागणिक बदलतं.

मेजर, मायनर, ओई... हे नक्की काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रात आधी विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयं, मग २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयं, अशा क्रमानं ते पदवीच्या वर्गांत उतरलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, आपला जुना स्पेशल. मायनर म्हणजे जोडीचा विषय. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आपल्या शाखेबाहेरचा पेपर. शिवाय कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे पेपर असतात. प्रत्येक पेपरला क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर ठरलेलं वजन. वर्षाला साधारण ४० ते ४४ जमतात, तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०.

घोडं पेंड खातं ते पुढे. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे असतात आणि दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर, एक मायनर होतो. म्हणजे जुन्या पद्धतीच्या जवळपासच. दुसरीकडे, विशेषतः काही स्वायत्त महाविद्यालयांत, प्रवेशाच्या अर्जातच मेजर लिहून द्यावा लागतो. दोन्ही महाविद्यालयं एकाच विद्यापीठाची, एकाच रस्त्यावरची असू शकतात. म्हणून "पुणे विद्यापीठ की शिवाजी विद्यापीठ" एवढा प्रश्न मला अपुरा वाटतो. कुठलं महाविद्यालय आणि त्याचा कुठला आराखडा, ते सांगा, मग बोलू.

प्रवेशाच्या खिडकीवर सांगतात, "घ्या आत्ता, नंतर मेजर बदलता येतो." खरंय का?

नियम म्हणून खरं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा काढला, त्यात दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी मेजर बदलायची मुभा आहे. पण नीट वाचा: त्याच व्यापक ज्ञानशाखेच्या आत. इतिहासावरून राज्यशास्त्रावर जाणं वेगळं आणि इतिहासावरून भौतिकशास्त्रावर जाणं वेगळं. शिवाय ज्या विषयात जायचंय तिथे जागा रिकामी हवी. मानसशास्त्रात जायला रांग असते, तिथून बाहेर पडायला नसते.

तेव्हा खिडकीवर "बदलता येतो का" असं विचारूच नका, उत्तर 'हो' येणार. विचारा, "गेल्या वर्षी किती जणांनी बदलला आणि कशातून कशात?" नेमका आकडा मिळाला तर उत्तम. खिडकीतल्या बाईंनी शेजारच्या सरांकडे बघितलं आणि सरांनी छताकडे, तर तेही उत्तरच.

आणि एसवायच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याला जे ठाऊक नसतं ते त्यांना असतं.

माहितीपत्रकात ओपन इलेक्टिव्हची भली मोठी यादी आहे. चांगलं लक्षण ना?

यादी कागदावर असते. त्याला म्हणतातही बास्केट. टोपलीत हात घातल्यावर किती फळं लागतात ते बघायचं. माझ्या एका विद्यार्थ्यानं ज्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तिथल्या पुस्तिकेत अकरा ओईंची नावं होती. पहिल्या आठवड्यात कळलं की शिकवायला माणूस आहे तो तीनच ओईंना. त्यातल्या दोन ओईंची वेळ त्याच्या प्रॅक्टिकलला आडवी येत होती. उरला एक. त्यानं निमूटपणे तो घेतला आणि त्याला 'माझी निवड' म्हणायला शिकला.

यादी बघू नका, वेळापत्रक बघा. एफवायचं चालू वर्षाचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावलेलं असतं, मोबाइलवर फोटो काढून आणा. त्यात एकाच तासाला किती ओई समांतर चालतात ते मोजा. तेवढाच खरा पर्याय.

पुण्यातलं चांगलं स्वायत्त महाविद्यालय आणि दिल्ली विद्यापीठ, दोन्ही मिळतंय. काय करू?

सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, २०२२ मध्ये सुरू झाली आणि आमच्याकडची पोरंही दिल्लीचे फॉर्म भरू लागली. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता एक गोष्ट लक्षात घे. दिल्ली विद्यापीठात तू फक्त महाविद्यालय मागत नाहीस, अभ्यासक्रम आणि महाविद्यालय अशी जोडी मागतेस. पसंतीक्रमाच्या फॉर्ममध्ये अशा जोड्या एकाखाली एक लावायच्या आणि मग यंत्रणा त्यातली एक देणार. म्हणजे जिचं काहीच ठरलेलं नाही, तिलाच फॉर्म भरताना पन्नास वेळा ठरवायला लावतात. इथेच गफलत होते. नॉर्थ कॅम्पसच्या एखाद्या नावापायी मुलं विषयाची पर्वा न करता ती जोडी वर टाकतात आणि तीच मिळते. मग तीन वर्षं एका मोठ्या नावाच्या वर्गात नावडता ऑनर्स, म्हणजे तिथली एकाच मुख्य विषयाची पदवी.

तिथे ऑनर्स घेतलास की मुख्य विषय पहिल्या दिवसापासून ठरलेला. बदल करायचा तर प्रवेशाच्या फेऱ्यांमध्येच वरच्या पसंतीकडे सरकायचं. त्या संपल्या की फारसं हातात राहत नाही. त्यामानानं बीए प्रोग्राम हा प्रकार न ठरलेल्या मुलांसाठी बरा. त्यात दोन विषय जोडीनं चालतात, उदाहरणार्थ अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. 'प्रोग्राम' म्हटलं की लोक नाक मुरडतात, ऑनर्स म्हटलं की मान डोलावतात. मला ते पटत नाही. ज्याला एकाच विषयाची खात्री आहे त्याला ऑनर्स शोभतो. तुझी खात्री नाही, तर दोन पाय दोन जमिनींवर ठेवायची सोय असताना एकाच पायावर का उभं राहायचं?

ऑनर्सवाल्यांनाही जेनेरिक इलेक्टिव्ह म्हणून दुसऱ्या विभागाचा पेपर घेता येतो, एवढं दिल्लीच्या बाजूनं म्हणेन. त्याच एका विषयाचे पेपर ओळीनं घेत गेलं तर चौथ्या वर्षाअखेरीस मायनर पदरात पडू शकतो. चार वर्षांचे एकूण १७६ क्रेडिट, सेमिस्टरला २२.

आणखी एक आडवं येतं ते बारावीचं गणित. दिल्लीत अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटीत गणित लागतंच. पुण्यात बीएला अर्थशास्त्र घेताना ती अट आड येत नाही. गणित सोडलेल्या मुलीला अर्थशास्त्र 'कदाचित' हवं असेल, तर तिच्यासाठी दिल्लीचं ते दार अर्ज भरायच्या आधीच बंद झालेलं असतं. पुण्यातलं उघडं आहे. मात्र पुढे एमएला गणितावाचून दमछाक होते, हे त्याच दमात सांगते.

माझं मत विचारशील तर असं: पुण्याच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी तीन सारखे विषय असतील आणि दिल्लीत मिळालेला विषय तुझ्या मनातल्या पहिल्या तिनांत नसेल, तर पुणे. दिल्लीत बीए प्रोग्रामची आवडती जोडी मिळत असेल, तर गोवा एक्सप्रेसचं तिकीट काढ.

मुलगी एकटी दिल्लीला... आमचा जीव घाबरतो.

घाबरणारच. होस्टेलच्या जागा फार कमी, बहुतेक मुलं कमलानगर, मुखर्जीनगर अशा भागांत पेइंग गेस्ट म्हणून राहतात. प्रवेशाच्या आधी तिच्यासोबत एकदा जाऊन या, खोली बघा, जिना बघा, पाणी किती वाजता येतं ते विचारा. पण "लांब आहे" या कारणाला "तिथे विषय चांगला नाही" असा मुखवटा चढवू नका. मुलींना तो लगेच ओळखू येतो. नाही पाठवायचं तर सरळ तसं सांगा, म्हणजे निदान जवळच्या महाविद्यालयाची निवड तरी डोळे उघडे ठेवून होईल.

विज्ञान आवडतं, पण भौतिक की जीव की गणित ते माहीत नाही. आयसर पुणे की आयआयएससी बंगळुरू?

या प्रश्नावर माझा चेहरा उजळतो, कारण ही दोन्ही ठिकाणं न ठरलेल्या मुलासाठी मुद्दाम बांधल्यासारखी आहेत. दोन्हीकडे नंबर लागला असेल तर आधी पेढे आण.

आयसर म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. देशात सात आहेत. पुण्याची, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी, २००६ मध्ये सुरू झालेली. पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम, शेवटचं वर्ष प्रबंधाचं. सुरुवातीला भौतिक, रसायन, जीव, गणित असे चारही विषय सगळ्यांना करावे लागतात. बारावीला जीवशास्त्र सोडून आलेल्या मुलालाही पेशी बघाव्या लागतात आणि गणिताला घाबरून जीवशास्त्राकडे आलेल्या मुलीलाही कॅल्क्युलस चुकत नाही. तिथे गेलेली माझी मुलं पहिल्या दिवाळीला घरी येतात ती याच तक्रारी घेऊन. दुसऱ्या दिवाळीला तक्रार कमी होते.

आयआयएससी म्हणजे भारतीय विज्ञान संस्था. तिची स्थापना १९०९ ची, पण तिथला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम २०११ चा. पहिली तीन सेमिस्टर सगळ्यांना समान: गणित, भौतिक, रसायन, जीव, थोडं अभियांत्रिकी, थोड्या मानव्यविद्या. त्यानंतर मेजर निवडायचा आणि पर्याय सहा: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान व पर्यावरण, 'मटेरियल्स' (म्हणजे धातू, पॉलिमर वगैरेंचं शास्त्र), गणित आणि भौतिकशास्त्र. चौथं वर्ष संशोधनाचं. हवं तर पाचवं वर्ष करून मास्टर्स.

फरक कुठे? पहिला, दारातच. आयआयएससीला बारावीत भौतिक आणि रसायनासोबत गणित हवंच. आयसरची प्रवेश परीक्षा, आयएटी, चारही विषयांची असते. प्रत्येकी १५ प्रश्न, एकूण ६०, गुण २४०, चुकलं की एक वजा. बारावीला चारपैकी एक विषय नसला तरी तिथे रस्ता आहे. पीसीबी, म्हणजे गणित सोडून भौतिक-रसायन-जीव घेतलेल्यांना आयआयएससीचं हे दार बंद, आयसरचं उघडं. म्हणून दहावीनंतर गणित सोडू का विचारायला येणाऱ्यांना मी चहाही न देता परत पाठवते. म्हणजे देते, पण ओरडून.

दुसरा फरक मुक्कामाचा. आयसरला पाच वर्षांनी दोन पदव्या एकत्र पदरात पडतात; आयआयएससीतून चार वर्षांनी बीएस घेऊन वेगळ्या गावी जाता येतं. संशोधनाची खात्री नसलेल्यानं याचा विचार करावा. चार वर्षांनी दार उघडून बाहेर पडणं सोपं, पाच वर्षांच्या मधेच उतरणं अवघड.

तिसरा फरक कुणी सांगत नाही. आयआयएससीत पदवीची मुलं मूठभर आणि भोवती संशोधकांचा समुद्र. आयसरमध्ये पदवीची मुलंच संस्थेच्या केंद्रस्थानी. बुजऱ्या मुलाला मी पाषाणला पाठवते. सीनियरच्या प्रयोगशाळेचं दार स्वतःहून ठोठावणाऱ्याला बंगळुरूला. याला काही पुरावा नाही, अनुभव आहे.

दोन्हींची एक अडचण सारखीच. अर्थशास्त्र, कायदा, पत्रकारिता यांपैकी काही मनात डोकावत असेल, तर या दोन्ही ठिकाणी 'न ठरलेलं' म्हणजे विज्ञानाच्या कुंपणाच्या आतलं न ठरलेलं.

खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठं म्हणतात, आमच्याकडे विषय नंतर निवडा. मग तीच सर्वात चांगली नाहीत का?

रचनेपुरतं बोलायचं तर हो. हरियाणात सोनीपतचं अशोका, पुण्यात लवळ्याचं फ्लेम, यांची मांडणीच तशी. आधी पायाभूत अभ्यासक्रम, वेगवेगळ्या विषयांची ओळख, मग मेजर जाहीर करायचा. संगणकशास्त्र आणि इतिहास एकत्र घेणारी मुलं तिथे भेटतात.

पण फी वर्षाला कित्येक लाखांत जाते. न ठरलेल्या विषयासाठी डोक्यावर ठरलेलं कर्ज घ्यायचं का, हा हिशेब जेवणाच्या ताटावर बसून करू नका, कागदावर करा. या विद्यापीठांत आर्थिक गरजेनुसार फी-सवलत मिळते, त्याचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच भरा आणि सवलत चारही वर्षं टिकते की गुण घसरले की जाते, हे लेखी घ्या. जवळपास सारख्याच किमतीत दोन्ही मिळत असतील, तर मी अशा मुलाला तिथे पाठवायला मुळीच कचरणार नाही. जमीन विकून मात्र नाही.

रँकिंग बघू का?

बघ, पण हसत. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीची यादी २०१६ पासून निघते. त्यात संशोधन, पीएचडी, प्राध्यापकसंख्या, नोकऱ्या यांना गुण असतात. एफवायच्या मुलीला ओईचा तास मिळतो का, याला गुण नसतात.

"मला काहीच आवडत नाही" असं मुलगी म्हणते. आता?

अशीच एक आली होती, पाटण तालुक्यातली. मी चहा टाकला आणि तिला दोन्ही ठिकाणच्या बीएच्या अभ्यासक्रमाच्या पीडीएफ मोबाइलवर उघडायला लावल्या. म्हटलं, पेपरांची नावं नुसती मोठ्यानं वाच. ती रेशनकार्डावरची नावं वाचावीत तशी भराभर वाचत सुटली. 'लोकसंख्याशास्त्र' आलं तिथे अडखळली. "हे काय असतं?" मी म्हटलं, घटक उघड. जन्मदर, मृत्युदर, स्थलांतर. "म्हणजे आमच्या गावात घरटी एक माणूस मुंबईला असतो, ते पण यात येतं?" येतं की. चहा थंड झाला तरी तिचं वाचणं चालूच होतं.

आता आमच्यासमोर मोजता येईल असं काहीतरी होतं. एका ठिकाणी तो पेपर दुसऱ्या वर्षी भूगोलात होता आणि इतर विषयांच्या मुलांनाही खुला होता. दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या वर्षी, अर्थशास्त्र मेजरवाल्यांनाच. तिच्या वडिलांनी खिशातून पेन काढून फोल्डरवरच लिहून घेतलं.

आवड विचारून सापडत नाही, पण मूल कुठे अडखळतं ते दिसतं. तेवढ्यावर दोन विद्यापीठांची तुलना करता येते. कल चाचण्यांचा मला राग नाही. पण हजारो रुपये भरून आलेल्या रंगीत अहवालात "आपल्या पाल्यास संवादकौशल्य आहे" एवढंच निघालेलं मी पाहिलंय.

एक वर्ष करून सोडलं तर वर्ष वाया जाईल ना?

पूर्वीइतकं नाही. ४० क्रेडिट झाले आणि उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम केला की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांनी पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची. क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, म्हणून ते खातं पहिल्याच महिन्यात उघड आणि सेमिस्टरनंतर क्रेडिट खरंच जमा झालेत का ते तपास.

पण बँकेत पैसे असणं आणि दुकानदारानं ते घेणं यात अंतर असतं. नवीन विद्यापीठ तुझे कुठले क्रेडिट कुठल्या पेपरच्या बदल्यात धरेल, हे ते विद्यापीठ ठरवतं. भाषेचे, पर्यावरणाचे सहज धरले जातात. मेजरचे अडतात.

पदवी न बदलता बाजूनं काही चाखायचं असेल तर आणखी एक वाट आहे. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी आहे. बीएला बसून आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस करणारी मुलं साताऱ्यातही आहेत. त्यात पायाभूत टप्पा आधी असतो; तिथेच कळतं, आपला पिंड त्यातला आहे की नाही.

इंजिनीअरिंगला ब्रँच ठरत नसेल तर?

ब्रँच बदलाच्या आशेवर कॉलेज घेऊ नका. पहिल्या वर्षाच्या गुणांवर मूठभरांना मिळते, आणि काही आयआयटींनी तर ती सोयच काढून टाकली आहे. जी ब्रँच हातात आहे ती चार वर्षं चालेल का, एवढंच स्वतःला विचारा.

भाचा अमेरिकेत आहे. तिथे म्हणे 'अनडिक्लेअर्ड' म्हणून प्रवेश मिळतो?

मिळतो, आणि त्याची तिथे कुणाला लाज वाटत नाही. चार वर्षं, साधारण १२० क्रेडिट, मेजर बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला जाहीर करायचा. पर्ड्यूसारख्या विद्यापीठात तर न ठरलेल्यांसाठी 'एक्सप्लोरेटरी स्टडीज' असा स्वतंत्र कार्यक्रमच आहे, आणि इंजिनीअरिंगची मुलंही आधी सामायिक पहिलं वर्ष करून मग शाखेत जातात.

फसगत होते ती संगणकशास्त्रात. "आत्ता अनडिक्लेअर्ड जाऊ, मग कॉम्प्युटर सायन्सला वळू" हा बेत पुष्कळ मोठ्या सरकारी विद्यापीठांत आता चालत नाही. तिथे त्या विभागात थेट प्रवेश असेल तरच बरं. इंजिनीअरिंग, नर्सिंग, बिझनेस यांचंही अनेक ठिकाणी तेच. भाच्याला दोन विद्यापीठांना ईमेल करून विचारू दे, "मी अनडिक्लेअर्ड आलो तर कुठल्या मेजरमध्ये मला शिरता येणार नाही?" प्रश्न असा उलटा विचारला की उत्तर सुलट येतं. पहिल्या वर्षाची जागा राखायची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते, त्याआधीच.

शिष्यवृत्तीवर काही परिणाम होतो का?

होतो, आणि हे शेवटी कळतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या काही योजना, उदाहरणार्थ ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, राज्यातल्या संस्थांसाठी आहेत. राज्याबाहेर गेलात तर कुठली योजना सोबत येते ते समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारून घ्या, फोनवर नको. मेजर बदलताना, वर्ष गाळताना किंवा अभ्यासक्रम सोडून दुसरीकडे पहिल्या वर्षाला बसताना नूतनीकरण अडू शकतं. बदलाचा अर्ज देण्याआधी महाविद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या क्लार्कला दाखवा. प्राचार्यांना नाही, क्लार्कला.

तोवर दोन्हीकडे प्रवेश घेऊन ठेवू का?

ठेवता येतो, परवडत असेल तर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलात तर पूर्ण फी परत, फक्त प्रक्रिया शुल्क जातं. ते फीच्या ५ टक्के किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी ते. त्यानंतर परतावा ९०, ८०, ५० असा टप्प्याटप्प्यानं घसरतो आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. काही वर्षी आयोग मुदत वाढवून देतो, तेव्हा त्या वर्षीची सूचना बघा. रद्द करायचा अर्ज ऑनलाइन आणि लेखी असा दोन्ही द्या, पोच घ्या, पोचेवर तारखेचा शिक्का मारून घ्या.

कागदपत्रांचं वेगळंच दुखणं. मूळ प्रमाणपत्रं संस्थेनं अडकवून ठेवायची नाहीत, असं नियम म्हणतो. तरी एलसी मूळच मागतात, आणि एलसी एकच असते. म्हणून ज्या ठिकाणी जायची शक्यता जास्त वाटते तिथेच ती द्या, दुसरीकडे हमीपत्रावर मुदत मागा. बहुतेक देतात. बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट राज्याबाहेर लागतं, त्याचा अर्ज आजच टाकून ठेवा. आणि देण्याआधी एलसीच्या पाच झेरॉक्स काढून साक्षांकित करून घ्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे, पण जूनमध्ये तिथेही रांग असते. सकाळी नऊच्या आत या.